मोकळी दक्षिण

तात्या गाडीतून उतरले की आधी माणसांकडे पाहत नसत, आभाळाकडे पाहत. तेही फक्त दक्षिणेच्या. कपाळावर आडवा हात धरून, एक डोळा बारीक करून, बाजारात बैल पारखावा तसं ते आभाळ पारखत आणि म्हणत, "हितं न्हाय. पुढं घ्यायची." गाडी चालवणारे तेच आणि हुकूम सोडणारेही तेच. मग गाडी पुढे जाई आणि पेशंट मागून पाय ओढत येत.

आमची गाडी म्हणजे एका संस्थेचा फिरता दवाखाना. सुप्याकडची कोरडवाहू गावं आणि इंदापुरापर्यंतच्या वाड्यावस्त्या असा आमचा फेरा. मी नर्स, तात्या ड्रायव्हर, आणि डॉक्टर पुण्यात. ते पडद्यावर दिसायचे, पडद्यावरूनच तपासायचे. त्या खोलगट गावांत मोबाइलला रेंज हवी तर टेकडी चढावी लागे, म्हणून गाडीच्या टपावर थेट उपग्रहाशी जोडणारी तबकडी बसवली होती. तिला दक्षिणेचं आभाळ मोकळं लागे. मध्ये एखादी पानांची डहाळी आली तरी पडदा काळा, डॉक्टर गायब.

त्यामुळे तात्यांचं आणि झाडांचं हाडवैर. गावात सावली म्हणून जिथे जिथे असेल, तिथे आमची गाडी कधीच थांबली नाही. लोक वैतागत. एका म्हाताऱ्याने तर तोंडावर विचारलं, "यमाच्या दिशेला त्वांड करून दवाखाना मांडताय व्हय?" तात्या म्हणाले, "यम तिकडनंच येतो ना आबा? मग डॉक्टर बी तिकडनंच आणाय पायजे. वाटंत गाठ पडंल दोघांची." म्हातारा हसला आणि उन्हात जाऊन बसला. तात्यांच्या तोंडाला लागून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

आधी ते उसाचा ट्रक चालवायचे. गाव वरकुटे; मुलगा शेती बघायचा आणि तात्यांना घरात करमत नसे. दवाखान्याच्या गाडीला मात्र ते ट्रकपेक्षा जास्त जपत. तबकडी पुसायला वेगळा पांढरा टॉवेल होता, त्याला कुणी हात लावला की अंगावर येत. पडद्यावर डॉक्टर उमटायच्या आत खिशातल्या कंगव्याने केस सारखे करून ते दारात उभे राहत आणि हात जोडत. डॉक्टरांचं त्यांच्याकडे लक्षही नसे. मी चिडवायची, "तात्या, कुणासाठी एवढा नट्टापट्टा?" तर म्हणत, "इतक्या लांबनं वर जाऊन खाली येतो त्यो माणूस. आपण नीट नको दिसाय?"

सगळ्या फेऱ्यात त्यांना पुरून उरणारी एकच बाई होती. सुमनकाकी. सुप्याच्या बाजूला एक गाव आहे, तिथल्या वस्तीवर राहायची. पन्नाशी उलटलेली, बीपीच्या गोळ्या चालू, आणि जीभ कोयत्याची. देवळापुढे लिंबाचा केवढा तरी मोठा डेरा होता आणि तात्या गाडी लावत शाळेमागच्या उघड्या माळावर. काकी लांबूनच सुरू करायची, "आलं, उन्हाचं वाटप करणारं आलं! बरं व्हायला येतो का भाजून निघायला?" तात्या म्हणत, "काकी, तुमचं बीपी भांडल्याशिवाय उतरत न्हाय, म्हणून लावतो हितं." त्या गावाचा दिवस असला की तात्या सकाळपासून खुशीत असत. भांडण हा त्यांच्या लेखी तब्येतीचा दाखला होता.

त्या मे महिन्यात ऊन मी म्हणत होतं. आम्ही गावात शिरलो तेव्हा काकी आधीच लिंबाखाली येऊन बसलेली. भांडली नाही. नुसता हात वर करून म्हणाली, "आज तितवर चालवत न्हाय तात्या. हितंच लावा की."

तात्यांनी आभाळाकडे पाहिलं, काकीकडे पाहिलं, आणि गाडी लिंबाखाली घेतली. माझा विश्वास बसेना. "फांदीतनं फट हाय, घावंल," ते पुटपुटले.

काकी म्हणाली, पित्त झालंय, छातीत जळजळतंय. मी कार्डिओग्राम काढला. त्यावरच्या रेषांचा अर्थ लावणं डॉक्टरांचं काम, आणि पडदा काळा तो काळाच. तात्या टपावर चढले, उतरले, गाडी हातभर पुढे घेतली, हातभर मागे. अखेर तबकडी मिटवून गाडी माळावर न्यायची ठरली. माळावरचं ऊन तिला सोसायचं नाही म्हणून, "इथंच सावलीत बसा, हलू नका," असं मी काकीला बजावलं. माळावर तबकडी उभी राहिली, डॉक्टर उमटले, रेषा पाहताच खुर्चीतून अर्धे उठले. "पेशंट कुठे आहे? हार्ट अटॅक आहे हा!"

लिंबाखाली काकी नव्हती. गुरांना पाणी दाखवून येते, असं शेजारणीला सांगून वस्तीवर गेली होती. आम्ही गाडी तशीच वस्तीवर घातली. ती हौदाशेजारी पडलेली. तात्यांनी तिला उचललं, बारामतीच्या रस्त्याला लागलो, मी मागे तिच्या छातीवर दाब देत राहिले. अर्ध्या वाटेत सगळं संपलं. मी सांगितलं तरी तात्यांनी गाडीचा वेग कमी केला नाही.

त्यांना कुणी बोल लावला नाही. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

पुढच्या फेरीला गावात शिरलो आणि तात्यांनी ब्रेक मारला. देवळापुढचा लिंब नव्हता. जमिनीबरोबर बुंधा राहिलेला, भोवती भुसा. काकीचा नवरा, बबनराव, मुंडण केलेल्या डोक्याने पुढे आला. "तात्या, दक्षिण मोकळी केलीय," तो म्हणाला. "आता कुठं बी लावा गाडी. डॉक्टर दिसंल." त्याच्या मागे सगळं गाव उन्हात रांगेने उभं होतं. माळ तिथून हाकेच्या अंतरावर होता, आजवर गाडी तिथेच लागत आली होती, पण हे त्या माणसाला कोण सांगणार?

तात्यांनी तबकडी उभी केली. डॉक्टर लगेच उमटले, इतके स्वच्छ पूर्वी कधी दिसले नव्हते. तात्या दारात आले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. संध्याकाळी इंदापुरात किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "सिस्टर, मला न्हाय जमायचं," आणि वरकुट्याच्या जीपमध्ये जाऊन बसले.

काही महिन्यांनी मी त्यांना परत बोलवायला घरी गेले. किती वाळले होते! चहा झाला, नव्या ड्रायव्हरची चौकशी झाली. मग खाली बघत त्यांनी विचारलं, "त्या गावात डॉक्टर दिसतो का नीट?"

"दिसतात."

"आन् माणसं?"

"उन्हात उभी असतात, तात्या. पण आता कुणी तक्रार करत नाही."

तात्यांनी समोरची रिकामी कपबशी बाजूला सारली.

"कराय पायजे, सिस्टर," ते म्हणाले. "भांडाय पायजे त्यांनी."