गेटसमोरची मिसळ

खंडेनवमीला सकाळी, दिघीतल्या आमच्या खोलीत अडतीस हजार रुपये मोजून दिले. हजर चौघं: मी, बायको, तिचा धाकटा भाऊ आणि हातगाडी विकणारा. पैसे माझे.

मेहुणा लातूरकडचा, चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. मंदीत त्याला कमी केलं. जो तो म्हणायला लागला, दुसऱ्याची चाकरी किती दिवस, स्वतःचं काहीतरी कर. त्याने त्याच कारखान्याच्या गेटसमोर मिसळीची गाडी लावायचं ठरवलं. जागा गावातल्या एका जुन्या घराण्याची, भाडं महिना साडेचार हजार.

मी म्हटलं, "कायमवाले आत कँटीनला जेवतात. बाहेर खातात ती कंत्राटी पोरं. तुझ्यासारखं त्यांनाही काढलं तर?"

"तुमची आपली आधी वजाबाकी!" बायको म्हणाली.

दोन महिने बरे गेले. मग ऑर्डरी घटल्या आणि कारखाना मधूनच एखादा दिवस बंद राहू लागला. सुट्टीचा निरोप कामगारांच्या मोबाइल ग्रुपवर यायचा. मेहुण्याला कामावरून काढलं त्याच दिवशी ग्रुपमधूनही काढलं होतं. मटकीला मोड आणून, मिसळीचा कट करून हा भल्या सकाळी हजर, तर गेट बंद.

वॉचमन हसायचा. "भावा, आता तू मालक. मालकाला सुट्टी कोण सांगणार?"

त्या दिवशी आमच्याकडे दोन्ही वेळा मिसळ. कामगाराची बंदच्या दिवशी हजेरी बुडते. याची हजेरी बुडायची, वर मटकी, तेल आणि गॅसही. कंत्राटी पोरंही कमी होत गेली. भाडं थकलं. सवलत मागायला मी स्वतः जागामालकाकडे गेलो.

"धंदा म्हणलं की तेजी-मंदी आलीच, पाव्हणं," तो म्हणाला. "पण माझी जागा कुठं बंद पडली? ती रोज हाय तिथंच हाय."

मी चडफडत परतलो. हिशोबात त्याचं काही चुकत नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मेहुण्याला कंत्राटदाराचा फोन आला, परत कामावर ये म्हणून. पगार आधी चौदा हजार होता, आता बारा.

"दाजी, जाऊ का?"

"जा," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

गाडी एकवीस हजारांना गेली. घेणारा त्याच कारखान्यातून नुकताच काढलेला. मेहुणा त्याला म्हणाला, "सुट्टी लागली की मी आदल्या दिवशी फोन करतो. त्याबिगर मटकी भिजवू नको."

त्या एकवीस हजारांतले नऊ हजार जागामालकाला दिले, दोन महिन्यांचं भाडं. दोन हजार कंत्राटदाराच्या माणसाला, परत कामावर घेतल्याबद्दल. उरलेले दहा हजार मला.