ताणणाऱ्याची पंगत

वडवणीच्या स्टँडवर अण्णा मला सोडायला आले ते बँडच्या लाल कोटातच, दुपारी लग्नाची सुपारी होती. एसटी हलली तसं खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडं वेल्डिंगच कर बाबा. बाजात मान न्हाई." माझी क्लॅरनेट तोवर पिशवीच्या तळाला गेली होती. बापाचं सगळंच ऐकलं असतं तर काय!

गावकऱ्यांनो, तुम्ही सगळे आमच्या बाजावर नाचलात. नवरदेवाची मिरवणूक, आपला परण्या, मारुतीला निघाला की त्याचे दोस्त ओरडायचे, "ताण बे, ताण!" मग अण्णा क्लॅरनेटवर गाण्याची चाल सोडून भलतीकडंच भटकून यायचे आणि पोरं घामाघूम झाली की बरोबर त्याच ओळीवर उतरायचे. याला आम्ही 'ताणणं' म्हणायचो. आणि आम्हा वाजवणाऱ्यांचं जेवण? सगळा मांडव उठल्यावर, मागच्या बाजूला. तोवर भाजी संपलेली. तेव्हा राग यायचा, आजही येतोय.

इथं जर्मनीत आठवडाभर वेल्डिंग करतो आणि शनिवारी जॅझच्या बँडमध्ये वाजवतो. पहिल्यांदा जॅझ ऐकला तेव्हा हसूच आलं. अरे, हे तर अण्णांचं ताणणं! आता आमच्या शहराच्या पालिकेनं जॅझला सांस्कृतिक वारसा म्हणून अधिकृत मान्यता दिली. त्या समारंभात महापौरबाई म्हणाल्या, हे संगीत अमेरिकेतल्या ज्या काळ्या वादकांनी घडवलं, त्यांना एके काळी हॉटेलात मागच्या दारानं घेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र रडू फुटलं. मग माझ्यापुढं माईक आला. निवेदकानं विचारलं, जॅझ कुठं शिकलात? म्हटलं, "वडवणी, जिल्हा बीड. परण्यात." कुणाला काय कळलं देव जाणे. पण नंतर असा ताणला, असा ताणला, की आमचा ड्रमवाला वाजवता वाजवता हसायला लागला.

तो व्हिडिओ गावभर फिरला आणि आपल्या पुढारी तात्यांचा फोन आला. "गावाचं नाव काढलंस बे! लई मोठा सत्कार ठेवू. डीजे सांगून ठिवलाय."

डीजे! अण्णांचा बँड ज्यानं घरी बसवला, तोच!

म्हटलं, "येतो तात्या. पण वाजवतील अण्णा. आन् जेवायला पहिल्या पंगतीत, तुमच्या शेजारी बसतील."

तात्या म्हणाले, "बघू. लोकायला काय वाटंल..."

"इथल्या पालिकेनं मान्यता दिली, तात्या. आता तुमी द्या."

लगेच अण्णांना फोन लावून सगळं सांगितलं. ते चिडलेच. "कावून भांडतो रं? त्यांनी न्हाई बसवलं तर?"

"तर येत न्हाई."

तसे अण्णा म्हणाले, "मंग येऊच नको. मागल्या पंगतीला आता मी बी जात न्हाई."

तेव्हा तुम्हाला सांगतो, 'घरी कधी येणार' हे मला विचारू नका. वडवणी माझं जन्मगाव आहे, ते कुणी पुसू शकत नाही. पण माझं घर म्हणवून घ्यायचं असेल, तर आधी अण्णांना तुमच्या मांडीला मांडी लावून जेवू घाला.