परहेज कुणाचं?

आमच्या डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "देखिए, जल्दी मत कीजिए. तीन महीने बॉडी को तैयार कीजिए, दोनों की. फिर शुरू करेंगे." 'दोनों की' हे त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघून म्हटलं होतं. मी ते नीट ऐकलं, त्यानेही ऐकलं. पण घरी पोचेपर्यंत दोघांतली मी एकटीच उरले.

त्याचं असं झालं की दार उघडताच सासूबाईंनी विचारलं, "काय बोलल्या डॉक्टर?" आणि नवरा चपला काढता काढता म्हणाला, "हिचा इलाज सुरू करायचाय. त्याआधी तीन महिने तब्येत सांभाळायला सांगितलंय." वाक्य धडधडीत खोटं नव्हतं, फक्त त्यातून तो स्वतः अलगद बाहेर पडला होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो पंख्याचं बटण शोधायला लागला.

खरं काय होतं ते सांगते. मी चाळिशीच्या उंबरठ्यावर होते आणि माझ्याकडे बीजं कमी उरली होती. त्याचा रिपोर्टही काही शाबासकी देण्यासारखा नव्हता. शुक्राणू कमी, आणि होते ते सुस्त. डॉक्टरांचं म्हणणं, तुमच्या स्वतःच्या बीजावर टेस्ट ट्यूबची एखादी खेप करून बघू, फार तर दोन. पुढे दुसऱ्या कुणाचं बीज घ्यायचं की थांबायचं, ते तुम्ही ठरवा. मला ती एक खेप वाया जाऊ द्यायची नव्हती. त्या काळात माझ्या डोक्यात याखेरीज दुसरं काही नव्हतं.

मग मी तेव्हाच सासूबाईंना सांगितलं का नाही? नवऱ्याची लाज राखायला म्हणून नव्हे. माझ्या पोटावर, वजनावर, पाळीवर घरात इतकी चर्चा चालली होती की आणखी एका विषयाची मला ताकद नव्हती. शिवाय मला वाटत होतं की हे त्याने सांगावं. त्याची आई, त्याचा रिपोर्ट.

मी मूळची कराडची. नोकरीसाठी इंदुरात आले, एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि लग्न इथल्याच माणसाशी केलं. सासरचे पूर्वज होळकरांच्या फौजेबरोबर इकडे आलेले. घरात मराठीच बोलतात, पण पहिलं वर्षभर मला ती निम्मीच कळायची. अन्नपूर्णा मंदिराकडच्या एका कॉलनीत आम्ही तिघं राहतो: सासूबाई, नवरा आणि मी. सासूबाई शाळेत शिक्षिका होत्या. एखादं काम अंगावर घेतलं की ते तडीस नेल्याशिवाय सोडत नाहीत. आता त्यांनी मला अंगावर घेतलं.

डॉक्टरांनी सांगितलेलं सोपं होतं. वेळेवर झोपा, रोज चाला, उन्हात थोडं बसा, मैदा-साखर कमी, डाळी-अंडी जास्त, आणि त्या देतील त्याच गोळ्या. यात कुठे जादू नव्हती. शरीर ठणठणीत असलं की पुढच्या इंजेक्शनांना ते बरं साथ देतं, इतकंच त्यांचं म्हणणं. सासूबाईंना हे फारच किरकोळ वाटलं. त्यांनी डिंकाचे लाडू वळले, शतावरी आणली, पपई घरातून हद्दपार केली आणि उज्जैनच्या कुठल्याशा वैद्यांकडून एक काढा मागवला. तो काढा मी रोज सकाळी उभ्याने पीत असे, कारण बसून प्यायले तर तो परत वर येत असे. महिनाभराने मी बाटलीच उचलून डॉक्टरांकडे नेली. त्या म्हणाल्या, "इसमें क्या-क्या है, मुझे पता तो हो. बंद कीजिए." सासूबाई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलल्या आणि तिसऱ्या दिवशी लाडवांचा आकार वाढला.

नवऱ्यालाही सूचना होत्या. जर्द्याचं पान बंद. रात्री उशिरा सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन खाणं बंद. पोट कमी करा, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसू नका, कढत पाण्याने अंघोळ नको. आणि खोटं कशाला बोलू, त्याने ते सगळं केलं. इंदूरच्या माणसाने थंडीत गराडू समोर असताना हात मागे घ्यायचा म्हणजे काय असतं, ते मी बघितलं आहे. तळलेल्या त्या कंदावर मसाला भुरभुरून लिंबू पिळलं की हा माणूस एरवी जग विसरतो. पण केलं ते सगळं माझ्या आडून. कचोरी नको म्हणायचं तर "ॲसिडिटी झाली आहे." पान सोडलं तर "दात दुखतोय." आणि सकाळी माझ्याबरोबर लालबागेकडे फिरायला यायचं कारण काय, तर "हिला कंपनी."

यावर कॉलनीत त्याची जी काही आरती सुरू झाली, ती ऐकून माझा तिळपापड व्हायचा. समोरच्या भाभीजी गेटवरूनच म्हणायच्या, "भियाजी कितना करते हैं आपके लिए! हमारे वाले तो करवट भी न बदलें." सासूबाई भाजीवाल्याला सुद्धा सांगायच्या, "पोरगा पहाटे उठून राहिलाय बायकोसाठी. आजकाल कोण करतं?" तो खाली मान घालून हसायचा. लोकांना वाटायचं विनय आहे.

एकदा चालता चालता मी त्याला म्हणाले, "तू माझ्यासाठी चालतोयस का?"

"आपल्यासाठी," तो म्हणाला.

"मग घरी तसं सांग ना."

"सांगतो यार. मौका बघून."

मौका काही येईना. मी रागावले, मग दमले, मग रागावायचंही सोडून दिलं. एकाच माणसावर रोज चिडून रोज त्याच्याच शेजारून चालायचं, हे मला तरी झेपत नाही. त्याचं पोट मात्र दिसण्याइतकं उतरलं.

तीन महिने झाले आणि इंजेक्शनं सुरू झाली. रोज पोटात एक सुई. फ्रीजमध्ये दह्याच्या शेजारी औषधाचे डबे. पोट जड, कंबर दुखरी, डोकं भडकलेलं. सोनोग्राफीत चार-पाच बीजं वाढताना दिसत होती. डॉक्टर म्हणाल्या, "अच्छा है, आपके हिसाब से." त्या 'आपके हिसाब से'वर मी दोन दिवस काढले.

बीजं काढायचा दिवस ठरला, त्या संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. नवऱ्याच्या मोबाइलवर दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. हात भातात होते म्हणून त्याने कोपराने स्पीकर चालू केला. सिस्टर खणखणीत आवाजात म्हणाली, "सर, कल से तीन दिन का परहेज रखना है आपको. पक्का. भूलना मत."

मी ताटात बघायला लागले. वीर्याचा नमुना द्यायच्या आधी नवरा-बायकोने काही दिवस लांब राहायचं असतं. दवाखान्यात त्याला परहेज म्हणतात आणि तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते कळतं. पण आमच्या घरात परहेज म्हणजे पथ्य, म्हणजे ताट, वाटी, तेल आणि मीठ. सासूबाईंचा चेहरा एकदम कामाचा झाला.

"कसलं परहेज बोलली ती?"

"असंच. सांगितलंय," नवरा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

"असंच काय? डॉक्टरांनी बोललं तर नीट करायचं," असं म्हणत त्यांनी त्याच्या ताटाजवळची शेवेची बरणी उचलली आणि लोणच्याची वाटीही सरकवली. मला इतकं हसू आलं की ठसका लागला. सासूबाईंनी माझी पाठ थोपटली. नवरा माझ्याकडे असा बघत होता की जणू ती सिस्टर मीच नेमली होती.

पुढचे तीन दिवस त्याने मुगाची पातळ खिचडी आणि उकडलेली लौकी, म्हणजे आपला दुधी, खाल्ली. सकाळच्या पोह्यांच्या जागी दलिया. शेव नाही, वरून भुरभुरायचा जीरावन मसाला नाही, चहासुद्धा अर्धा कप. खरं काय ते आईला सांगायची सोय नव्हती, त्यामुळे गपगुमान गिळत होता. मी सुजलेल्या पोटाने समोर बसून ते बघत होते आणि मला मनापासून बरं वाटत होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच घरात आम्हा दोघांचे हाल सारखे चालले होते.

तिसऱ्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. सासूबाई त्याच्यासाठी लौकी चिरत होत्या. चिरता चिरता थांबल्या.

"एक सांग बेटा. सुई तुला, गोळ्या तुला, उद्या बेहोश पण तुलाच करणार. मग परहेज त्याला कशाला?"

त्या इतकी वर्षं वर्गापुढे उभ्या राहिलेल्या. कधी ना कधी हा प्रश्न यायचाच होता. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेऊ शकले असते. पण दुसऱ्या दिवशी माझ्या पोटात सुई घालून बीजं काढणार होते आणि मला मनातून खूप भीती वाटत होती. दुसऱ्याचं खोटं सांभाळायला त्या दिवशी माझ्याकडे जागा नव्हती.

"त्यालाच विचारा, आई," मी म्हणाले.

तो पाणी प्यायला आला होता, दारातच. परत जाता आलं असतं, पण गेला नाही. हे मी त्याच्या बाजूने सांगते.

"आई, ते खाण्याचं परहेज नाहीये," तो म्हणाला.

"मग कसलं?"

त्याने छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

"माझा पण रिपोर्ट खराब आहे," तो म्हणाला. "हिच्याइतकाच. पहिल्यापासून. डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं होतं."

"मतलब तू फिरायला जाऊन राहिला होता, ते..."

"माझ्यासाठी."

"आणि ॲसिडिटी?"

"नव्हती."

सासूबाई खुर्चीत बसल्या. त्यांना राग आला होता हे उघड होतं, पण तो कुणावर काढायचा ते त्यांना ठरवता येत नव्हतं. भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी काय काय सांगितलं होतं, ते बहुतेक त्यांना एकेक करून आठवत होतं. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"आणि तू ऐकून घेत राहिली? तो काढा पण एकटी पीत राहिली?"

"हो," मी म्हणाले. "फार घाण होता."

त्या हसतील असं मला वाटलं होतं. हसल्या नाहीत. उठून त्यांनी लौकी परत चिरायला घेतली, नेहमीपेक्षा बारीक. नवऱ्याने पाण्याची बाटली भरली आणि तिथेच उभा राहिला. रात्री त्याच्या ताटात खिचडीच होती, आणि ती का, हे त्याने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आमच्याबरोबर दवाखान्यात आल्या. आधी हे ठरलं नव्हतं. चार बीजं निघाली. त्यातून दोन गर्भ झाले, काही दिवसांनी दोन्ही गर्भाशयात ठेवले. मग वाट बघणं. त्या दिवसांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पडून राहायची गरज नाही असं सांगितलं होतं, तरी मी जिना जपून उतरायचे. शिंक आली तरी घाबरायचे. आता आपण काही केलं तरी काही फरक पडत नाही, हे ठाऊक असूनही मी रोज रात्री दिवसभरातली एखादी चूक शोधून काढायचे.

रक्ताचा रिपोर्ट नवऱ्याच्या फोनवर आला. नाही झालं. त्याने फोन माझ्या हातात दिला, मी वाचला आणि परत दिला. मी डाळ-भात जेवले, कॉलेजात फोन करून एक दिवस रजा वाढवली आणि खोलीत जाऊन पडले. रडायला येईल म्हणून वाट बघितली, पण आलं नाही. इतके दिवस मी शरीराला इतकं सांभाळलं होतं की आता त्याच्याशी काय बोलायचं तेच सुचत नव्हतं. नवरा खाली गादीला पाठ टेकून बसला होता. तो तिथून उठला नाही.

दुपारी ग्वाल्हेरच्या आत्याबाईंचा फोन आला. त्या सासूबाईंच्या थोरल्या नणंद, घरात सगळे त्यांना वचकून असतात. सासूबाईंना कमी ऐकू येतं म्हणून त्याही फोन स्पीकरवरच ठेवतात. दार उघडं होतं.

"काय गं, सुनेचं काय झालं?" आत्याबाईंनी विचारलं.

"या खेपेला आमचं नाही झालं," सासूबाई म्हणाल्या.

"आमचं म्हणजे? खोट कुणात आहे, काय बोलले डॉक्टर?"

"बोलली ना मी, आमचं नाही झालं. थोडे महिने दम घेऊ, परत बघू. तुमचा गुडघा कसा आहे?"

नवऱ्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. रिपोर्ट आल्यापासून मला रडायला आलं नव्हतं. त्या 'आमचं'वर आलं, आणि मग बराच वेळ थांबेना.