काशीला सोडलेलं गाणं

"नको, चढतं मला," असं म्हणून बुवा समोरच्याच्या तोंडापुढे तळहात धरायचे. कुणी म्हणालं, बुवा, तुमच्या वाडीतली शहाळी काय गोड हो, की आलाच तळहात. तुम्हाला हा विनय वाटेल. मलाही पहिली काही वर्षं तसंच वाटलं. हा माणूस स्तुतीला घाबरतो, हे फार उशिरा लक्षात आलं.

मी चौलच्या शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हा स्वातंत्र्य नवंनवं होतं. राहायला बुवांची पडवी मिळाली. नारळ-सुपारीची लहानशी वाडी, विहिरीवरचा रहाट ओढणारा एक रेडा, आणि मूलबाळ नसलेली ही दोघं, बुवा आणि त्यांची बायको, आमच्या काकी. बुवा भजनी मंडळाचे गवई होते. एकादशीला ते देवळात गायला बसले की रेवदंड्याहून माणसं चालत यायची. मी टाळ धरायचो. टाळ छान वाजला असं मला कधी कुणी म्हणालं नाही, त्यामुळे मी त्या संकटातून आपोआप वाचलो.

काकी देवळात मागे, बायकांत बसायच्या. सकाळी रहाटापाशी मात्र हुकूम सुटायचा, "अवो, कालचं ते परत म्हना." बुवा रेड्यामागे चालता चालता म्हणायचे. ते गाणं मी पडवीतून ऐकलं आहे. देवळातल्यापेक्षा ते मला जास्त आवडायचं.

मग दोघं काशीला जाऊन आली. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू गंगेवर सोडायची आणि जन्मभर तिला शिवायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. त्यात आपण देवालाही कसे गुंडाळतो ते तुम्हाला ठाऊक आहे. कुणी कारलं सोडतं, कुणी दुधी. काकींनी पडवळ सोडलं आणि खुशाल सांगितलं, "मला गिळवतच न्हाय ते. देवाला चालतं."

परतल्यावर मावंदं घातलं. गाव जेवलं, मृदंग लागला, बुवांना पुढे बसवलं. ते हात जोडून म्हणाले, "मी गानं सोडून आलो."

काकी ताकाचं भांडं घेऊन उभ्या होत्या. त्यांनाही ते तिथेच कळलं.

पुढे एकदा मी छेडलंच. बुवा म्हणाले, "मास्तर, डोळे मिटून गायचो, पन एक डोळा किलकिला. मान कोन हलवतो ते बघायचो. देव समोर, आनि माझं ध्यान मागच्या रांगेत. असलं भजन काय कामाचं?"

बोलणं खरं होतं. पण झालं भलतंच. गाणारे गावोगाव असतात, असा गळा असून सोडणारा एकच, असं लोक म्हणू लागले. नागावची, थळची माणसं नुसती पाया पडायला यायची. तळहात उठसूट वर जाऊ लागला. रहाटापाशी आता फक्त चाकाची कुरकुर. काकी तिकडे जायच्याच बंद झाल्या.

अशी काही वर्षं गेली आणि काकींच्या पोटात गाठ निघाली. अलिबागच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्याचा अर्थ आम्हाला समजला. खाटेवरून काकींनी एकच गोष्ट मागितली. "एकदा म्हना. रहाटावर म्हनायचात तसं."

"गंगेवर सोडलंय गं," बुवा म्हणाले.

"गळा तुमचा, पन ऐकनारी मी. सोडताना मला इचारलंत?"

बुवा देवळातल्या भटजींकडे गेले. भटजी शहाणे होते. म्हणाले, आजाऱ्यासाठी गा, प्रायश्चित्त मी सांगतो, सोपं आहे. एवढ्यावर कुणीही सुटला असता. बुवा अधिकच गुंतले. पडवीत येऊन म्हणाले, "मास्तर, गायलो तर तिच्यासाठी गाईन, का इतक्या वर्सांची माझीच भूक म्हनून? आनि न्हाय गायलो तर ते देवासाठी, का लोकं काय म्हनतील म्हनून?"

माझं डोकंच फिरलं. "बुवा, ती बाई मरते आहे. आधी गा, मग खुशाल शोध लावा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते उठले, तोंड धुतलं, काकींच्या उशाशी बसले. पण भटजींकडची गोष्ट गावात पसरली होती. अंगणात माणसं जमली, अगदी हात जोडून, आवाज न करता. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. बुवांनी खिडकीतून पाहिलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "घरी जा रे, पाया पडतो." लोकांना तो त्यांचा विनय वाटला. ते आणखी सावरून बसले. मी ओरडून त्यांना हाकललं तोवर काकींनी कूस बदलली होती. "ऱ्हाऊ द्या आता," म्हणाल्या. पहाटे त्या गेल्या.

खाडीवरच्या मसणात बुवांनी अग्नी दिला आणि जाळाकडे बघत एकाएकी गायला लागले. गळा गंजला होता, तरी तोच होता. आम्ही सगळे रडलो. अभंग अर्ध्यावर आला असताना एका म्हाताऱ्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "वा, बुवा." त्या शब्दासरशी बुवांनी, तितक्याच सवयीने, वरची तान घेतली. मग त्यांना ते कळलं आणि ओळ तिथेच तुटली.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर ते हातात पिशवी घेऊन पडवीत आले आणि घराची चावी माझ्यापुढे धरली. कुठे निघालात म्हणून विचारलं, ते त्यांनी ऐकलंच नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "तिनं मागितलं तवा लोकं होती म्हनून गायलो न्हाय. मसनात त्याहून जास्त होती, तरी गायलो. ह्याचा अर्थ काय लावायचा?"

चौथीच्या मुलांना मी रोज कवितांचे अर्थ सांगत होतो. मी चावी घेतली. ते रेवसच्या बंदराच्या वाटेला लागले.