सतरा नंबरची बोट नाकावर गेली

बोट बुडत होती आणि मी तिच्यात बसलेली होते.

भाट्याची खाडी, मे महिन्यातली सकाळ, खाली पुरुषभर पाणी. माझ्यासोबत नऊ खलाशी. सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट. बोटीत आम्हीच बादल्यांनी काठोकाठ पाणी भरलं होतं, त्यामुळे कमरेपर्यंत भिजणं ठरलेलंच होतं. बोटीचं नाक खाली जाणं मात्र ठरलेलं नव्हतं.

"मॅडम, मागं सरका!" काठावरून पांडुरंग चोगले ओरडले. बोट त्यांनीच बांधलेली.

"सरकायचं नसतं! टेस्ट आहे!" मी ओरडले.

पुढचं वाक्य बोलायच्या आत नाक गपकन खाली गेलं आणि आम्ही दहाही जण खाडीत. मला पोहता येत नाही. मी लांज्याकडची. आमच्या गावापासून समुद्र तासाभरावर, पण गावात पाणी म्हणजे विहीर आणि विहिरीत उतरायचं ते गाळ काढायला. दोन खलाशांनी मला दोन्ही बाजूंनी धरून मासळीच्या टोपलीसारखं काठावर आणून ठेवलं. घड्याळात बघितलं. अकरा मिनिटं झाली होती. कॉन्ट्रॅक्टमध्ये एक तास लिहिला होता.

आता एवढ्या सकाळी एक सरकारी बाई बुडत्या बोटीत काय करत होती, ते सांगते.

सैन्य काहीही विकत घेतं तेव्हा दोन प्रश्न असतात. ऑर्डर देण्याआधी: हा माणूस हे बनवू शकेल का? ऑर्डर दिल्यानंतर: त्याने तेच बनवलंय का? हे दोन प्रश्न विचारायला सरकार काही माणसं ठेवतं. मी त्यातली एक. नोकरीतली बरीच वर्षं मी दुसऱ्यांच्या शेडमध्ये जाऊन लोकांचा मूड घालवला. आता रिटायर झालेय. घरच्यांचा घालवते.

या वेळी एका तुकडीला पुरात लोकांना बाहेर काढायला फायबरच्या वीस बोटी हव्या होत्या. टेंडर निघालं. सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला आमच्यात 'एल-वन' म्हणतात. एल-वन म्हणजे जावई. तो पसंत असो वा नसो, लग्न त्याच्याशीच लागायचं. फक्त लग्नाआधी एकदा घर बघून यायची सोय असते. तिला 'कपॅसिटी व्हेरिफिकेशन' म्हणतात. जायचं, कारखाना बघायचा, रिपोर्ट लिहायचा. ही सोय गरजेची आहे. एकदा मी एका एल-वनचा तंबूचा कारखाना बघायला गेले, तर पत्त्यावर पिठाची गिरणी निघाली. मालक म्हणाला, "ऑर्डर मिळाली की गिरणी हलवतो."

चोगले तसे नव्हते. मूळचे हर्णैचे, बापजाद्यांपासून होड्या बांधणारे. लाकूड परवडेना तेव्हा फायबरकडे वळले आणि रत्नागिरीत शेड टाकली. मी गेले तेव्हा साचे होते, फायबरच्या मॅट होत्या, रेझिनचे ड्रम होते, हात चालणारी माणसं होती. कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक मशीन होतं.

"हे काय?"

"फोमचं मशीन वो. बोटीच्या नाकात नि शेपटात जी पेटी असते ना, तिच्यात फोम मारायचा. मंग बोट पाण्यानं भरली तरी बुडत नाय."

"चालू करून दाखवा."

"आता लाइट गेलीय. दुपारची येईल."

मला दुपारच्या आधीच मुंबईला निघायचं होतं. चेकलिस्टवर रकाना होता: 'फोम मशीन, चालू स्थितीत'. मी टिक मारली. मशीन होतं, मी डोळ्यांनी बघितलं होतं, आणि लाइट कोकणातल्या कुठल्याही शेडमध्ये जाते. चोगल्यांना ऑर्डर मिळाली.

मग टेस्टचा दिवस आला. नियम असा: वीस बोटींतली एक निवडायची, पाण्याने भरायची, दहा माणसं बसवायची, तासभर ती सपाट तरंगली पाहिजे. चोगल्यांनी तीन नंबरची बोट पुढे आणून ठेवली होती. पुसलेली, चकचकीत, वर झेंडूचा हार.

"ही घ्या मॅडम."

बोट मी निवडते, तो बांधणाऱ्याचा हक्क नसतो. शेडच्या टोकाला एक बोट माडाच्या विणलेल्या झापांनी झाकलेली दिसली. मला एकदम तीच आवडली.

"सतरा नंबर."

"तिचा रंग ओला हाय वो."

"रंग ओला असला म्हणून बुडते का?"

चोगल्यांनी स्वतःच झाप ओढून काढले. दहावा खलाशी आलाच नव्हता, सकाळी कुठल्या बंदरावर गेला होता म्हणे. वजन तर भरायला हवं. माझं वजन त्याच्याइतकं होतंच, थोडं वरच होतं. म्हणून मी चढले. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

ओल्या कपड्यांत मी आमच्या साहेबांना फोन लावला.

"बुडाली का?" साहेबांनी विचारलं.

"नाकावर गेली, साहेब."

"पूर्ण बुडाली का?"

"नाही, मागचं टोक वर आहे."

"म्हणजे तरंगली."

"साहेब, उभी तरंगतेय. खांबासारखी."

"हे बघा, पाऊस तोंडावर आलाय. युनिट रोज फोन करतंय. ही एक बाजूला ठेवा, दुसरी घ्या, ती पास होईल. तुमच्याच रिपोर्टमध्ये लिहिलंय, मशीन चालू आहे."

हे शेवटचं वाक्य साहेबांनी सहज म्हटलं नव्हतं. ते मला ओल्या कपड्यांपेक्षा जास्त गार लागलं. बोट फेल करायची तर कारण शोधायला लागणार होतं, आणि कारणाच्या पोटात माझी टिक असणार होती. खोटं कशाला बोलू, पाचेक मिनिटं मी तीन नंबरच्या बोटीकडे फार प्रेमाने बघितलं. हार सुंदर होता.

पण तिथे सुभेदार राणेही होते. बोटी ज्या तुकडीला जाणार तिचे ते प्रतिनिधी. सकाळपासून चार शब्दसुद्धा बोलले नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, आधी हिचं नाक उघडून बघू या."

सतरा नंबर ओढून शेडमध्ये आणली. कारागिराने कटर लावला. फायबरची धूळ उडाली, नाकातली पेटी उघडली आणि आतून बाटल्या गडगडत बाहेर आल्या. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या. पाण्याच्या, सोड्याच्या, थंड पेयांच्या, बुचं लावलेल्या, शंभर तरी. फोमचा एक कण नाही. मध्ये पेटीच्या उघड्या सांध्यातून शिरलेलं खाडीचं पाणी आणि एक गोंधळलेला खेकडा.

राणेंनी एक बाटली उचलून उजेडात धरली. "यात दोन घोट शिल्लक आहेत."

शेडमधलं कोणी हसलं नाही. मला हसू येत होतं, पण मी आवरलं.

"चोगले, हे काय आहे?"

चोगले आधी चिडले. चूक झालेला माणूस आधी चिडतो, हा माझा नोकरीतला अनुभव. "बाटली काय बुडते काय? आमची पोरं बाटल्या कमरेला बांधून पोवायला शिकतात. हवा ती हवाच! मशीनचा पंप गेलाय. हातानं फोम ढवळून ढवळून माणसांचे खांदे गेले. मंग केमिकल संपलं. नवीन येईस्तवर तारीख जाणार. तुमीच लिवलंय ना, तारीख चुकली की दंड? मंग मी काय करायचं होतं?"

"मला फोन."

"आणि तुमी काय केलं असतं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते आठ पानी फॉर्ममध्ये होतं. मुदतवाढीचा फॉर्म. त्यांनी तो बघितला असता तर बाटल्याच भरल्या असत्या.

राणे खाली बसले. बाटल्या एका बाजूला सारत बोलायला लागले. आवाज चढवला नाही. "शेट, आम्ही पुरात जातो तेव्हा खाली काय आहे ते दिसत नाही. खाली गेट असतात, पत्रे असतात, कुंपणाच्या तारा असतात. बोटीला भोक पडतंच. पडेल का, हा प्रश्नच नसतो. फोम असला तर भोक पडलं तरी पाणी आत शिरायला जागा नसते. बाटल्यांच्या मधून पाणी शिरतं. आज तुमचे खलाशी होते, पोहणारे. आमच्या बोटीत म्हाताऱ्या असतात. मांडीवर पोरं असतात."

चोगल्यांनी पायाजवळची बाटली उचलली. समुद्रावरच्या माणसाला बुडणं समजावून सांगावं लागत नाही. मग ते माझ्याकडे वळले.

"चार हायत मॅडम. सतरा ते वीस. बाकीच्यात फोम हाय, आईशप्पथ."

"हाताने ढवळलेला?"

"व्हय."

"मग सगळ्या वीसच्या वीस बघायच्या."

दोन दिवस आम्ही प्रत्येक बोटीच्या नाकाशेपटाला बारीक भोकं पाडून आत सळई घालून बघितलं. सोळांपैकी दोन बोटींत फोम नीट फुगलाच नव्हता, आत पोकळ्या होत्या. त्यातली एक तीन नंबरची. हाराखाली. चोगल्यांना ते माहीतच नव्हतं. त्यांचा चेहरा बघून मला ते पटलं. बाटल्यांचं त्यांना वाटलं नव्हतं तेवढं वाईट त्या दिवशी वाटलेलं दिसलं. दुपारी ते जेवले नाहीत.

मी रिजेक्शन लिहायला घेतलं. रिजेक्शन म्हणजे माल नाकारल्याचा कागद. त्यात सातवा परिच्छेद असा होता: 'ऑर्डरपूर्व पाहणीत फोम मशीन प्रत्यक्ष चालवून बघितलं नव्हतं. तरी ते चालू असल्याची नोंद करण्यात माझी चूक झाली.'

साहेबांचा फोन आला. "सातवा काढा."

"काढला तर वरचे विचारतील, मशीन चालू होतं तर बाटल्या कशाला भरल्या?"

"विचारू देत. तुम्हाला मेमो येईल, कळतंय ना?"

"कळतंय."

"मला पण येईल. तुमच्या रिपोर्टवर सही माझी आहे."

मी "सॉरी साहेब," म्हटलं. परिच्छेद ठेवला. साहेब आठवडाभर माझ्याशी फक्त ई-मेलने बोलले. त्यांची केबिन माझ्या टेबलापासून सहा पावलांवर होती.

कोल्हापूरहून मेकॅनिक आला, पंप बसवला. या वेळी मी मशीन चालू करायला लावलं, बंद करायला लावलं, परत चालू करायला लावलं. मुदतवाढीचा फॉर्म चोगल्यांनी माझ्यासमोर बसून भरला. प्रत्येक रकान्याला, तो मीच शोधून काढल्यासारखं माझ्याकडे बघत होते. सहा बोटींची नाकं परत भरली. सगळं मिळून एकोणीस दिवस उशीर झाला. दंड बसायचा तो बसला.

परत टेस्ट घेतली, तेव्हा दहावा खलाशी हजर होता, त्याबद्दल त्याचे आभार. मी बारा नंबर निवडली. पाणी भरलं, माणसं बसली, बोट सपाट राहिली. पहिली दहा मिनिटं कोणी बोलेना. अकराव्या मिनिटाला चोगल्यांनी डोळे मिटले. बारावं गेलं. मग खलाशांनी गप्पा सुरू केल्या. कमरेएवढ्या पाण्यात बसून त्यांनी कोणाच्या तरी लग्नातल्या जेवणाला तासभर नावं ठेवली. तास संपल्यावर मी उतरायला सांगितलं तर म्हणाले, "बसू की मॅडम जरा, बाहेर उकडतंय."

बोटी गेल्या. मला मेमो आला, साहेबांनाही आला. दोन्हींचा मजकूर एकच होता, फक्त नाव बदललेलं. त्यांच्या मेमोत एके ठिकाणी माझंच नाव राहून गेलं होतं. त्यावर साहेब पहिल्यांदा हसले आणि आमचं बोलणं सुरू झालं.

त्याच पावसाळ्यात राणेंचा फोन आला. एका बोटीचं नाक पाण्याखालच्या लोखंडी गेटवर फाटलं होतं. हात जाईल एवढं भोक. बोट नऊ माणसं आणि एक शेळी घेऊन परत आली.

"कुठल्या नंबरची बोट?" मी विचारलं.

"नंबर कोण बघतंय, मॅडम?"

मी चोगल्यांना कळवलं. त्यांनी भोकाचं माप विचारून घेतलं. मग म्हणाले, "शेळीचं वजन धरलेलं काय वो टेस्टला?" आणि फोन ठेवला.

इतक्या वर्षांत मला एकच गोष्ट कळली. आमच्या खात्यात माल पास करायला अर्धं पान लागतं आणि नापास करायला अकरा पानं. देशात बराचसा वाईट माल लाच देऊन पास होत असेल, मी नाकारत नाही. पण त्याहून जास्त माल पास होतो तो साडेदहा पानांच्या कंटाळ्याने. या कामात यायचं असेल तर आधी टायपिंग शिका.