थंड कॉइल

माझे सासरे कुठल्याही गोष्टीला ती थंड असताना चांगलं म्हणत नसत. सगळं मिरजगाव त्यांना नाना म्हणायचं. धंदा भुसार मालाचा, दुकान हायवेला लागून. पण जीव सगळा अंगणातल्या जुन्या पांढऱ्या अँबॅसेडरमध्ये, आणि त्यातही तिच्या इग्निशन कॉइलमध्ये. इंजिनाला ठिणगी पुरवणारा, हातात मावेल एवढा तो गोल डबा. आमच्या घरात देवघराच्या खालोखाल मान त्याचाच होता.

सकाळचा चहा झाला की हाक यायची, "सूनबाई, सेल्फ मार!" मी हातातलं पीठ तसंच ठेवून ड्रायव्हरच्या जागेवर बसायची आणि किल्ली फिरवायची. पुढे बॉनेट उघडून नाना कॉइलची जाड वायर पकडीत धरायचे, तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाजवळ न्यायचे. टक् करून ठिणगी उडायची. "निळी हाय! झ्याक हाय!" असं ओरडायचे. "मग झालं की नाना, कॉइल चांगली आहे," असं मी म्हटलं की ठरलेलं उत्तर मिळायचं, "थंड हाय तवर कुठली बी कॉइल गुनाची. गरम झाल्यावर बोला."

यात तथ्य होतं. जुनी कॉइल सकाळी फर्मास चालते आणि इंजिन तापलं की ठिणगी सोडून देते. गार झाली की पुन्हा चालते, जसं काही घडलंच नाही. म्हणून नाना गाडी हायवेला काढून पार तापवायचे. बंद पडली की कॉइलवर ओला फडका ठेवायचा आणि वाट बघायची. फडक्याने चालू झाली, तर कॉइल निकामी समजायची. सीटखाली पाण्याची बाटली आणि लाल फडका कायम असायचा. एकदा पारनेरचे एक पाहुणे आपल्या जीपची कॉइल दाखवायला घेऊन आले. नानांनी ती आमच्या गाडीला बसवली, पाहुण्यांना शेजारी घेतलं आणि भर उन्हात निघाले. गाडी माळावर बंद पडली. नाना इतके खूश झाले की फडका ठेवून पाहुण्यांना कॉइलचं सगळं शास्त्र सांगत बसले. फडका सुकला, पुन्हा भिजवला, पुन्हा सुकला, तरी गाडी ढिम्म. शेवटी पाहुण्यांनीच टाकीत डोकावून सांगितलं, की पेट्रोल संपलंय. ही गोष्ट घरी काढली की नाना पेपर तोंडासमोर धरायचे.

माणसांनाही हीच कसोटी. माझ्या नणंदेला पाहायला मुलगा आला, पोहे झाले, सगळ्यांना पसंत पडला. नाना म्हणाले, "पोहं खाताना कोन वाईट दिसतो?" आणि बंद पडल्याचं सोंग करून त्यांनी त्या पोराला टळटळीत उन्हात अँबॅसेडर ढकलायला लावली. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला, सासूबाई लाजेने घरात गेल्या. पोरगा हसत हसत ढकलत राहिला. "हा तापून बी चालतोय," असं म्हणत नानांनी त्याला मिठी मारली. नणंद सुखात आहे.

गेल्या उन्हाळ्यात नाना दुकानातून घरी येताना वाटेत थांबू लागले. चढावर उभे राहायचे आणि शेजाऱ्याच्या भिंतीकडे बघायचे, जणू तिचं प्लास्टर त्यांनाच करायचंय. हात मात्र छातीवर असायचा. ह्यांनी त्यांना बळेच दवाखान्यात नेलं. झोपवून ईसीजी काढला, त्याची पट्टी चांगली आली. डॉक्टरांनी बजावलं, की हा आरामातला आहे. नगरला जाऊन पट्ट्यावर चालवून, हृदयावर ताण देऊन बघायला हवं. नानांनी त्यातलं पहिलं तेवढंच ऐकलं. अंगणात पाऊल टाकताच ओरडले, "पट्टी बेष्ट आली! काय बी झालेलं न्हाई!"

मी भांडी घासत होते. म्हटलं, "नाना, ही थंड कॉइल झाली. गरम झाल्यावर बोला."

ते हसले. मग हसू विरलं. ते गाडीजवळ गेले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता हळू म्हणाले, "कॉइल खराब निघाली तर दुसरी बसवता येती गं. हे खराब निघालं तर काय करू? लई भ्या वाटतं मला."

एवढा मोठा आवाज असलेला माणूस असंही बोलू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी जवळ गेले, म्हटलं, "मी येते बरोबर. मी असेन तिथं." बराच वेळ गाडी पुसल्यासारखं करून ते म्हणाले, "तू असशील तर जाऊ." सोमवारी नगरला जायचं ठरलं.

रविवारी दुपारी हायवेवर एक जुनी फियाट बंद पडल्याचं कुणीतरी सांगत आलं. नानांनी फडका भिजवला. मी दारात आडवी आले. "नाना, उद्या नगरला जायचंय. ऊन बघा."

"उद्याचं उद्या. बिचारा उन्हात उभा हाय. ह्यो गेलो न् ह्यो आलो."

पुढचं मला त्या फियाटवाल्या गृहस्थांनी सांगितलं. गाडी भर रस्त्यात होती. नानांनी त्यांच्याबरोबर ती ढकलत लिंबाच्या सावलीत घेतली, बॉनेट उघडलं, कॉइलवर फडका ठेवला आणि "आता बसा निवांत," म्हणून स्वतःही रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर टेकले. टेकले ते कलंडलेच. त्या गृहस्थांनी कॉइलवरचा फडका काढून त्यांच्या तोंडावरून फिरवला, हाका मारल्या. मग त्यांना मागच्या सीटवर निजवून किल्ली फिरवली. कॉइल गार झाली होती. गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली.

मला नानांचा राग येतो, अजून येतो. जगातल्या एकाही कॉइलला त्यांनी थंड पास केलं नाही. स्वतःला मात्र केलं. एकच दिवस, नाना. एकच दिवस थांबायचं होतं.

फियाट घर विचारत आली आणि अंगणात अँबॅसेडरशेजारी थांबली. बॉनेटमधून वाफ नाही, आवाज नाही, इंजिन कसं एकसारखं चाललेलं. ते गृहस्थ उतरले. मागच्या सीटवर नानांचा श्वास थांबला होता. हातातला लाल फडका तेवढा त्यांनी माझ्याकडे दिला. तो अजून ओला होता.