लातूरचा समुद्र आणि आईची तुरटी

लातुरात आमच्या घरी समुद्र आहे. शंभर लिटरचा.

त्यात प्रवाळ आहे. जिवंत! मी शाळेत भूगोल शिकवतो. फळ्यावर प्रवाळ काढून काढून कंटाळलो आणि एक दिवस पुण्याहून थर्माकोलच्या खोक्यात खरंच घेऊन आलो. पाणी गार राहावं म्हणून घरातला एकमेव धड पंखा तेव्हापासून टाकीवर आहे. आम्ही पुठ्ठ्यानं वारा घेतो.

नांदेडचा मेहुणा गजानन आला आणि टाकी बघून पोट धरून हसला. "दाजी, तुमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी न्हाई, अन् तुम्ही समुद्र पाळून राहिले का?"

माझं डोकंच फिरलं. (गोदावरीकाठच्या माणसाकडून मी पाण्यावर भाषण ऐकणार नाही!) म्हणालो, "पुढच्या रविवारी या. प्रवाळ फुललेलं दाखवतो. नाही दिसलं, तर या टाकीत तुमच्या हातानं तुरीची डाळ भरा!"

"ठरलं!" बायको म्हणाली. तिला डाळीला डबा हवाच होता.

शनिवारी पाणी बदलायचं होतं. सकाळी बादलीत टाकीचं खास समुद्री मीठ कालवलं, ते दुधासारखं पांढुरकं झालं. निवळू दे म्हणून शाळेत गेलो. दुपारी येऊन बघतो तर पाणी आरशासारखं! स्वतःच्या हाताचं कौतुक करत मी ते टाकीत ओतलं. तासाभरात प्रवाळ आवळून चिंचोक्याएवढं झालं.

"आई, बादलीला कुणी हात लावला?"

"हात न्हाई बाबा, तुरटी लावली," आई म्हणाली. "पाणी लई गढूळ होतं. चांगली फिरवली."

उद्याच रविवार! डाळ? माझ्या टाकीत? शक्य नाही! पाहुण्यांसाठी आणलेला पाण्याचा जार मी उचलला, त्यात तेच मीठ कालवलं आणि पुन्हा पाणी बदललं. आई पदरात तुरटी घेऊन शेजारी उभीच.

"थोडी फिरवू का?"

"नको!!"

रविवारी गजानन उतरला तो खांद्यावर गोणी घेऊन. नांदेडहून लातूरला तुरीची डाळ आणणारा जगातला पहिला माणूस! प्रवाळ मिटलेलंच होतं. त्यानं बाह्या सरसावल्या. मी टाकीला पाठ लावून उभा राहिलो.

"दाजी, शब्द म्हणजे शब्द."

तेवढ्यात आई मध्ये पडली. "अहो, ते झोपलंय. दुपारी आम्हीबी झोपतो. तुम्ही जेवून घ्या, मग बघू."

गजानन जेवला आणि तिथंच आडवा झाला. चारच्या सुमाराला आईनंच हाक मारली. प्रवाळाचा एक कोपरा उघडला होता. करंगळीच्या नखाएवढा, पण उघडला होता! माझे डोळे भरून आले.

"एवढंच?" गजानन म्हणाला.

"एवढं लई हाय!" आई कडाडली. गोणी टाकून गजानन नांदेडला गेला. महिना झाला, आम्ही वरण खातोय.

प्रवाळ आता मस्त फुललंय. पाणी मात्र आई बदलते. मला बादलीला हात लावू देत नाही. म्हणते, "तुरटी फिरवलेलं पाणी ज्याला वळखू येईना, त्यो कसला लातूरचा? अन् म्हणं मास्तर हाय!"